नृत्याचार्य ऑगुस्त बूर्नोनव्हील

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपणांस बहुधा योद्धे, राज्यकर्ते, शास्त्रज्ञ, कवि आणि समाजसुधारक यांचींच नांवें भेटतात. नृत्यकलेंत सारें आयुष्य वेंचलेल्या मनुष्याचें चरित्र शाळेच्या वार्षिकांत देण्याजोगें आहे काय, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांस येईल. ती येणें स्वाभाविकही आहे; कारण नाचणें हा शब्द आपल्याकडे पुष्कळ काळपर्यंत हलक्या अर्थानेंच उच्चारला गेला, आणि ज्यांनीं ही कला पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेविली त्यांच्या वांट्यास मानापेक्षां अवहेलनाच अधिक आली. यूरोपांतही दोनशें वर्षांपूर्वीं स्थिति याहून फारशी निराळी नव्हती. अशा या धंद्यास ज्यानें प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि एका लहानशा राजधानींतील नर्तकसंघास असें वळण लावून दिलें कीं तें त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशें वर्षें होत आलीं तरी टिकून आहे, त्या ऑगुस्त बूर्नोनव्हील याचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याच्या कीर्तीपेक्षां त्याच्या चिकाटीकडेच वाचकांनीं अधिक लक्ष द्यावें, एवढीच आमची विनंति आहे.

डेन्मार्क देश लहान खरा, पण आपल्या देशास तो अगदींच अपरिचित नाहीं. बंगाल्यांतील श्रीरामपूर हें गांव १८४५ सालापर्यंत डेन्मार्कच्या राजाचें होतें, आणि तेथेंच १८०५ सालीं विल्यम केरी यांचें मराठी भाषेचें व्याकरण छापून प्रसिद्ध झालें. त्याच १८०५ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २१ तारखेस डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें आमच्या चरित्रनायकाचा जन्म झाला. ज्याच्या परीकथा आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचल्या आहेत, तो हान्स ख्रिश्चन अँडरसन हाही त्याच वर्षीं, चार-पांच महिने आधीं, जन्मास आला होता. एक शब्दांनीं कथा सांगणारा आणि दुसरा पावलांनीं. पुढें या दोघांचा चांगला स्नेह जमला.

बूर्नोनव्हील हें आडनांव डॅनिश नव्हे. वडील आंत्वान हे फ्रेंच नर्तक. स्वीडनच्या राजाच्या नाट्यगृहांत कांहीं वर्षें चाकरी करून ते १७९२ सालीं कोपनहेगनला आले आणि तेथेंच स्थायिक झाले. आई स्वीडिश. म्हणजे आईबापांपैकीं एकही डॅनिश नसलेला हा मुलगा. परंतु त्यानें डेन्मार्क हीच आपली मातृभूमि मानली, आणि डॅनिश लोकांच्या दंतकथा, चालीरीति व इतिहास यांस नृत्याच्या रंगभूमीवर मोठें स्थान मिळवून दिलें. मनुष्य कोणत्या देशाचा, हें त्याच्या आडनांवावरून न ठरतां त्याच्या सेवेवरून ठरतें, याचें हें एक चांगलें उदाहरण होय.

येथें बॅले म्हणजे काय हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. बॅले हें एक प्रकारचें नृत्यनाट्य. त्यांत पात्रें बोलत नाहींत. वाद्यसंगीताच्या साथीनें, नृत्यानें व मूकाभिनयानें सारी कथा सांगावयाची असते. या कलेचें माहेरघर इटली व फ्रान्स, आणि तिची खरी राजधानी पॅरिस. कोपनहेगनच्या राजनाट्यगृहांतही या कलेची एक जुनी शाखा होती. व्हिन्चेंत्सो गालेओत्ती नांवाच्या इटालियन नृत्यशिक्षकानें १७७५ पासून चाळीस वर्षें तेथील नर्तकसंघ सांभाळला. त्यानें १७८६ सालीं रचलेलें कामदेवाच्या खोड्यांवरील एक लहानसें नृत्यनाट्य कोपनहेगनला आपल्या काळापर्यंत टिकून राहिलें आहे. या गालेओत्तीच्या व आपल्या पित्याच्या हाताखालीं लहानग्या ऑगुस्तनें पहिले धडे घेतले आणि १८१३ सालीं, वयाच्या आठव्या वर्षीं, त्यानें राजनाट्यगृहाच्या रंगमंचावर पाऊल ठेविलें.

तो काळ डेन्मार्कला मोठा कठीण होता. १८०७ सालीं इंग्रजी आरमारानें कोपनहेगनवर तोफा डागून शहराचा मोठा भाग जाळला. १८१३ सालीं सरकारी खजिन्याचें दिवाळें वाजलें. १८१४ सालीं नॉर्वेचें राज्य हातचें गेलें. अशा खचलेल्या देशांत नृत्यकलेची काळजी कोण वाहणार? १८१६ सालीं गालेओत्ती वारला. त्याच्या जागीं आंत्वान बूर्नोनव्हील आले खरे. परंतु ते स्वतः उत्तम नर्तक असले तरी नव्या रचना करण्याचें सामर्थ्य त्यांच्या ठायीं नव्हतें, आणि नर्तकसंघाची कळा दिवसेंदिवस उतरत चालली.

मुलाच्या अंगचे गुण मात्र पित्यानें ओळखले होते. १८२० सालीं ते त्याला पॅरिस दाखवावयास घेऊन गेले, आणि १८२४ सालीं ऑगुस्त पुन्हां तेथें गेला तो शिकण्यासाठींच. त्याचे गुरु ऑगुस्त व्हेस्त्रीस हे त्या वेळीं वृद्ध झाले होते, पण यूरोपांतील उत्तम नर्तकांपैकीं कित्येक त्यांच्याच तालमींत तयार झाले होते. रोज सकाळीं तासन्‌तास तीच पावलें, त्याच उड्या, त्याच गिरक्या! गुरूंच्या शिकवणुकीची ही शिदोरी त्यानें मोठ्या जपणुकीनें बांधून घेतली. पुढें पन्नास वर्षें ती त्याला पुरली. १८२६ सालीं पॅरिसच्या ऑपेरा नाट्यगृहांत त्याला प्रवेश मिळाला. पुढें साऱ्या यूरोपांत जिचें नांव गाजलें त्या मारी तालिओनीबरोबरही त्याला तेथें नाचावयास मिळालें. वीस-बावीस वर्षांच्या तरुणास याहून मोठें भाग्य तें कोणतें?

परंतु १८२९ सालीं तो कोपनहेगनला आला, तेथें त्याचे प्रयोग लोकांस फार आवडले, आणि १८३० सालीं राजनाट्यगृहाशीं करार करून तो कायमचा घरीं परतला. पॅरिस सोडून कोपनहेगनला येणें, म्हणजे भरल्या बाजारपेठेंतून उठून आडगांवीं दुकान मांडण्यासारखेंच होतें. पॅरिसमध्यें त्याला एक उत्तम नर्तक म्हणून नांव मिळालें असतें. पण तेथें उत्तम नर्तक अनेक होते. शिवाय तेथील प्रेक्षकांचें सारें लक्ष हळूहळू नर्तकींकडे वळत होतें, आणि पुरुष नर्तकास तिला उचलून धरण्यापलीकडे काम उरूं नये, असे दिवस येऊं लागले होते. कोपनहेगनला नांव थोडें, पगार थोडा. पण तेथें सारेंच नव्यानें उभारावयाचें होतें. त्याच १८३० सालीं हेलेना हाकान्सन या स्वीडिश कुलांतील तरुणीशीं त्याचा विवाह झाला, आणि हा संसार शेवटपर्यंत सुखाचा झाला.

त्यानें हातीं घेतलेलें काम तिहेरी होतें. मुख्य नर्तक तोच, शिक्षक तोच आणि नवीं नृत्यनाट्यें रचणाराही तोच. सकाळीं शिकवावें, दुपारीं तालीम घ्यावी, रात्रीं स्वतः नाचावें, आणि उरलेल्या वेळांत पुढील कथेची जुळवाजुळव करावी, असा त्याचा क्रम असे. १८३२ सालीं त्यानें फाउस्ट हें मोठें नृत्यनाट्य रंगभूमीवर आणलें. १८३५ सालीं व्हाल्डेमार हें डेन्मार्कच्या प्राचीन राजाच्या कथेवरील नृत्यनाट्य झालें, आणि आपलाच इतिहास नृत्यांतून पाहतांना प्रेक्षकांस अपूर्व आनंद झाला. एकंदर सुमारें पन्नास नृत्यनाट्यें त्याच्या नांवावर आहेत.

या सर्वांत आज जगास अधिक ठाऊक असलेलें नृत्यनाट्य म्हणजे ला सिल्फीद. हें मूळ पॅरिसचें. मारी तालिओनीच्या वडिलांनीं १८३२ सालीं तें तिच्यासाठीं रचलें होतें. बूर्नोनव्हीलनें तें १८३४ सालीं पॅरिसला पाहिलें व कोपनहेगनला करण्याचें मनांत घेतलें. परंतु मूळ संगीताची प्रत विकत घ्यावयाची तर किंमत नाट्यगृहाच्या आवांक्याबाहेरची! दुसरा कोणी हात टेकून बसला असता. यानें हेर्मान लोव्हेन्स्कियोल्ड या जेमतेम एकवीस वर्षांच्या संगीतकाराकडून सारें संगीत नव्यानें लिहून घेतलें, नृत्यें स्वतः नव्यानें बसविलीं, आणि २८ नोव्हेंबर १८३६ रोजीं त्याचा पहिला प्रयोग झाला. नायक तो स्वतः, आणि नायिका त्याचीच सतरा वर्षांची शिष्या ल्यूसील ग्रान.

कथा स्कॉटलंडमधील आहे. जेम्स नांवाच्या तरुण शेतकऱ्यास ऐन लग्नाच्या दिवशीं एक वायुकन्या दिसते. ती दिसते पण हातीं लागत नाहीं. घरांत वधू वाट पाहत असतां तो तिच्यामागें रानांत धांवतो. पूर्वीं त्यानें घरांतून हांकलून दिलेली एक चेटकीण सूड उगविण्यासाठीं त्याला एक शेला देते. तो खांद्यावर टाकतांच वायुकन्येचे पंख गळून पडतात आणि तिचा प्राण जातो. इकडे वधूचें लग्न दुसऱ्याशीं लागून वरात निघून जाते. दारीं आलेलें साधें सुख लाथाडून जो मृगजळामागें धांवतो त्याच्या हातीं दोहोंपैकीं कांहींच राहत नाहीं, हें तात्पर्य डॅनिश रचनेंत विशेष ठसठशीत उतरलें आहे. पॅरिसची मूळ रचना पुढें विस्मृतींत गेली, आणि १९७२ सालीं तेथील एका नृत्यरचनाकारास ती जुन्या कागदपत्रांवरून नव्यानें जुळवावी लागली. पैशाच्या अभावीं जन्मलेली कोपनहेगनची रचना मात्र अखंड चालत आली.

आतां चरित्रनायकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती लपविली तर तें चरित्र न होतां स्तुतिस्तोत्र होईल. बूर्नोनव्हील मानी होता, तापट होता, आणि आपल्या हाताखालच्या माणसांवर आपलीच सत्ता चालावी असा त्याचा आग्रह असे. ल्यूसील ग्रान ही त्यानें घडविलेली शिष्या. पण तिला स्वतःचे पंख फुटले आणि पॅरिसची ओढ लागली, तेव्हां गुरुशिष्येंत बेबनाव झाला. प्रकरण चिघळलें आणि १८३९ च्या सुमारास तिनें डेन्मार्क सोडलें तें कायमचेंच. ती यूरोपांत मोठी कीर्ति पावली. कोपनहेगनचें मात्र कधीं न भरून येणारें नुकसान झालें. ज्यानें स्वतः पॅरिसमध्यें आपले पंख पारखून पाहिले होते, त्याला शिष्येची तीच ओढ समजून घेतां आली नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें.

या भांडणाची झळ त्यालाही लागली. १८४१ सालच्या मार्च महिन्यांत एका प्रयोगास त्याच्या विरोधकांनीं प्रेक्षागृहांत शिट्ट्या व आरडाओरडा सुरू केला. राजा आठवा ख्रिश्चन राजासनावर बसलेला होता. बूर्नोनव्हील नाचतां नाचतां थांबला आणि राजाकडे वळून, प्रयोग पुढें चालवावा कीं नाहीं, असें त्यानें विचारलें. राजानें चालविण्याची खूण केली व प्रयोग पार पडला. परंतु भर रंगमंचावरून राजास प्रश्न करणें हा राजाचा अपमान ठरला, आणि त्याबद्दल त्याला सहा महिने नाट्यगृहापासून दूर राहण्याची शिक्षा झाली.

सूडबुद्धीच्या मनुष्यानें हे सहा महिने कुढण्यांत घालविले असते. बूर्नोनव्हील इटलीस गेला. नेपल्स शहरांतील ऊन, निळा समुद्र, बंदरावरील कोळी, रस्त्यांतले विक्रेते, कडाक्यानें भांडणारी व लगेच गळ्यांत गळे घालणारी तेथील माणसें, आणि सणाच्या दिवशीं चौकांत रंगणारें तारान्तेला नृत्य, हें सारें त्यानें डोळे भरून पाहिलें. परतीच्या वाटेवर टपालाच्या घोडागाडींत बसल्या बसल्या त्यानें त्याची कथा जुळविली, आणि २९ मार्च १८४२ रोजीं नापोली हें तीन अंकी नृत्यनाट्य कोपनहेगनला झालें. गरीब कोळी जेन्नारो आणि त्याची तेरेसीना वादळांत ताटातूट होऊन दुरावतात. समुद्रांतील दैत्य तिला जलकन्या करून आपल्या गुहेंत ठेवतो. जेन्नारो श्रद्धेच्या बळावर तिला सोडवून आणतो, आणि तिसऱ्या अंकांत सारें गांव त्यांच्या आनंदांत नाचूं लागतें. शिक्षेच्या काळांतून इतकी निर्मळ आणि हंसरी कृति निघावी, यांत त्याच्या मनाचें खरें मोठेपण दिसतें. या तिसऱ्या अंकांत मागील पुलावर नृत्यशाळेंतील लहान मुलें उभीं करण्याची चाल आहे. तीं तेथून पुढें नाचणाऱ्या मोठ्यांकडे पाहत असतात. त्यांतलींच कांहीं मोठीं होऊन पुढें येतात, आणि पुलावर नवीं मुलें उभीं राहतात.

त्याच्या नृत्यपद्धतीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. जुन्या नाट्यगृहाचा रंगमंच फार मोठा नव्हता. तेवढ्याच जागेंत त्यानें हलक्या उड्या, चटकन् बदलणाऱ्या दिशा आणि घुंगरासारखीं स्पष्ट पावलें यांची रेलचेल केली. पाय कितीही वेगानें चालोत, हात मात्र खालीं, शांत व गोलाकार. चेहऱ्यावर श्रमाची रेघही दिसतां कामा नये. कठीण गोष्ट सोपी करून दाखवावी, आणि सोपी गोष्ट कठीण असल्याचा देखावा करून टाळ्या मिळवूं नयेत, हा त्याचा दंडक होता. पॅरिसमध्यें पुरुष नर्तक मागें पडत असतां त्यानें पुरुष व स्त्री यांस सारखेंच काम दिलें. दोघें बरोबरीनें, शेजारी शेजारी नाचतात. नृत्याचें काम मनांत विकार उत्पन्न करण्याचें नसून मन प्रसन्न व उन्नत करण्याचें आहे, असें तो मानी, आणि त्याचीं नृत्यनाट्यें पाहून कोणा आईबापास मुलांदेखत खालीं पाहण्याची वेळ आली नाहीं.

१८४८ सालीं, त्रेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें स्वतः नाचणें थांबविलें. मुख्य नर्तकाला रंगमंच सोडणें किती जड जातें हें त्या धंद्यांतील लोकच जाणोत. पुढच्याच वर्षीं, १८४९ सालीं, त्यानें कॉन्सर्व्हातोरीएत हें नृत्यनाट्य रचलें. त्यांत पॅरिसमधील व्हेस्त्रीस गुरूंचा वर्ग जसाच्या तसा उभा केला आहे: भिंतीशीं रांगेनें उभे असलेले विद्यार्थी, सोप्याकडून कठीणाकडे चढत जाणारे धडे, आणि मध्यें गुरु. गुरूंचें पुतळारूपी स्मारक अनेकांनीं केलें असेल. पण गुरूंचा धडाच स्मारक म्हणून उभारणारा शिष्य विरळा.

१८५४ सालीं एत फोल्केसान, म्हणजे एक लोककथा, हें नृत्यनाट्य झालें. जमीनदाराची तान्ही मुलगी डोंगरांतील यक्ष पळवून नेतात व पाळण्यांत आपली पोर ठेवून जातात. माणसाची मुलगी यक्षांत वाढूनही सौम्य व सालस निघते. यक्षांची मुलगी वाड्यांत वाढूनही तिचा आडदांडपणा जात नाहीं. शेवटीं जिची ती जागा तिला मिळते. ही आपली सर्वांत निर्दोष कृति असें तो स्वतः मानीत असे. तिचें संगीत निल्स गाडे व हार्टमान या दोन मोठ्या डॅनिश संगीतकारांचें आहे. तींतील गाडे यांचा लग्नप्रसंगींचा वॉल्ट्झ डेन्मार्कांतील लग्नांत वधूवरांच्या नृत्यासाठीं आजही वाजतो. रंगमंचावरची गोष्ट लोकांच्या घरच्या मंगलकार्यांत जाऊन बसली, याहून मोठी पावती कोणत्या कलावंतास मिळणार?

कोपनहेगन सोडून जाण्याचे प्रसंगही त्याच्यावर आले. १८५५-५६ सालीं तो व्हिएन्नाच्या नाट्यगृहांत एक हंगाम होता. पण तेथील झगमगाटांत त्याच्या साध्या व मोजक्या कलेचें चीज झालें नाहीं, आणि तो परत फिरला. १८६१ ते १८६४ या काळांत स्टॉकहोमच्या राजनाट्यगृहाची व्यवस्था त्याच्याकडे होती. तेथूनही तो अखेरीस कोपनहेगनलाच आला. त्याच १८६४ सालीं प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याशीं झालेल्या युद्धांत डेन्मार्कचा मोठा मुलूख गेला होता. देश पुन्हां लहान झाला. पण त्याचें काम लहान झालें नाहीं. १८७० सालीं त्यानें वागनरचें लोहेनग्रीन हें संगीतनाटक कोपनहेगनला बसविलें. १८७१ सालीं १८०८ मधील स्वयंसेवक शिपायांवरील एक आनंदी नृत्यनाट्य रचलें, आणि त्याच वर्षीं मित्र अँडरसन याच्या कथिलाच्या शिपायाच्या गोष्टीवरही एक नृत्यनाट्य केलें.

आमच्या मतें त्याचें सर्वांत मोठें काम मात्र प्रेक्षकांच्या दृष्टीआड झालें. नर्तक म्हणजे तरुणपणीं टाळ्या आणि म्हातारपणीं उपास, अशी या धंद्याची तऱ्हा होती. पस्तिशी-चाळिशी उलटली, गुडघे थकले, कीं त्याला विचारतो कोण? बूर्नोनव्हील नर्तकांच्या पगारासाठीं व निवृत्तिवेतनासाठीं वर्षानुवर्षें झगडला. नाट्यगृहांत लहान वयांत येणाऱ्या गरिबांच्या मुलांस नृत्याबरोबर लिहिणें-वाचणें नीट शिकविलें जावें यासाठींही त्यानें प्रयत्न केले. नर्तकानें सुशिक्षित असावें, सभ्य असावें, आणि समाजानें त्याला इतर सन्मान्य नागरिकांच्या पंक्तीस बसवावें, हा त्याचा आग्रह होता. धंदा हलका नसतो; त्यांतील माणसांस अडाणी व अगतिक ठेवून आपण तो हलका करतों, हें त्यानें ओळखलें होतें. आपल्या देशांतील अनेक हस्तकला आणि गाण्याबजावण्याचे धंदे यांजकडे पाहतां ही गोष्ट आपणही मनावर घेण्यासारखी आहे.

१८७४ सालीं तो रशियास गेला. सेंट पीटर्सबर्ग येथें अफाट नाट्यगृह, शेंकडों नर्तक आणि सढळ राजाश्रय त्यानें पाहिला. परंतु कथेला व भावनेला बाजूस सारून केलेली कसरत त्याला रुचली नाहीं. त्याचाच एक जुना शिष्य, स्वीडनचा ख्रिश्चन योहान्सन, १८४१ पासून तेथें होता व पुढें त्या राजधानीचा नामांकित शिक्षक झाला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत मुंबईस येऊन नाचून गेलेली ॲना पाव्हलोव्हा ही याच योहान्सनच्या हाताखालीं शिकली होती. म्हणजे कोपनहेगनच्या तालमीचा एक दूरचा अंश आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोंचला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१८७७ सालीं तो सेवानिवृत्त झाला. माझें नाट्यजीवन या अर्थाच्या नांवानें त्यानें आपल्या आठवणी १८४८ ते १८७८ या काळांत खंडशः प्रसिद्ध केल्या. त्या कालाच्या रंगभूमीचा इतिहास जाणण्यास त्यांसारखें दुसरें साधन नाहीं. पण नृत्यकलेची मोठी अडचण ही कीं, ती कागदावर पुरतेपणीं उतरत नाहीं. कवि गेला तरी पोथी राहते, शिल्पी गेला तरी मूर्ति राहते. नृत्य मात्र नाचणाऱ्याच्या देहांत असतें आणि देहाबरोबर जातें. आपल्या मागें आपल्या कृतींचें काय होणार, हा प्रश्न त्या वृद्धाच्या डोळ्यांपुढें असलाच पाहिजे.

१८७९ सालच्या नोव्हेंबरच्या २८ तारखेस राजनाट्यगृहांत हान्स बेक नांवाच्या अठरा वर्षांच्या तरुणाचा पहिला प्रयोग झाला. वृद्ध आचार्य तो पाहावयास गेला होता. त्यानंतर दोनच दिवसांनीं, ३० नोव्हेंबरच्या रविवारीं, उपासना आटोपून चर्चमधून परत येतांना तो वाटेंतच कोसळला आणि त्याचा अंत झाला. त्या वेळीं त्याचें वय चौऱ्याहत्तर वर्षांचें होतें.

आणि त्यानें शेवटीं पाहिलेला तो तरुणच त्याच्या कलेचा रक्षक ठरला. हान्स बेक १८९४ सालीं नर्तकसंघाचा प्रमुख झाला आणि १९१५ पर्यंत त्या जागीं राहिला. बेकनें व त्याच्या सहकाऱ्यांनीं गुरूच्या पाठांची सोमवारपासून शनिवारपर्यंत सहा दिवसांच्या सहा धड्यांत मांडणी केली. सोमवारीं सोमवारचा धडा, मंगळवारीं मंगळवारचा. वर्षामागून वर्षें, पिढीमागून पिढी तेच पाठ कोपनहेगनची मुलें गिरवीत राहिलीं. पुढें हाराल्ड लांडर हा १९३२ ते १९५१ पर्यंत प्रमुख असतां त्यानें जुन्या नर्तकांच्या आठवणींतून मोडकळीस आलेल्या रचना पुन्हां उभ्या केल्या. डॅनिश नर्तक १९५३ सालीं लंडनला व १९५६ सालीं न्यूयॉर्कला गेले, तेव्हां मोठमोठ्या राजधान्यांतील जाणत्या प्रेक्षकांस शंभर वर्षांपूर्वींचें नृत्य जिवंत पाहून विस्मय वाटला. १९७९ सालीं त्याच्या मृत्यूस शंभर वर्षें झालीं तेव्हां, आणि २००५ सालीं त्याच्या जन्मास दोनशें वर्षें झालीं तेव्हां, कोपनहेगनला त्याच्या कृतींचे मोठे उत्सव झाले. पन्नासांपैकीं पुष्कळ कृति गेल्या. जेमतेम आठ-दहा उरल्या. पण पॅरिसमध्यें त्या काळच्या ज्या रचना नाचल्या गेल्या त्यांपैकीं किती मूळ स्वरूपांत उरल्या हें पाहिलें म्हणजे आठ-दहा हा आंकडा लहान वाटत नाहीं.

याचें कारण काय? आमच्या मतें कारण एकच. पॅरिसचा नर्तक प्रेक्षकांसाठीं नाचला. त्याचें नृत्य टाळ्यांबरोबर विरून गेलें. बूर्नोनव्हील प्रेक्षकांसाठीं नाचला खरा, पण त्यानें त्याहून अधिक श्रम मुलांस शिकविण्यांत वेंचले. जें कागदावर राहत नव्हतें तें त्यानें मुलांच्या पायांत लिहून ठेविलें, आणि तो लेख पुढील प्रत्येक पिढीनें आपल्या हातानें पुन्हां उतरून घेतला. लहान शहर, लहान रंगमंच, तुटपुंजा पैसा; या उणिवाच त्याच्या उपयोगी पडल्या, कारण तेथें रोज नवें कौतुक शोधण्याची घाई नव्हती.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं बहुतेकजण पुढें मोठ्या शहरांत जाल, आणि कोणी कोणी परत आपल्या गांवींही याल. गांवीं परतणाऱ्यास लोक मागें पडलेला समजतात. असा प्रसंग तुमच्यावर आला तर या डॅनिश नृत्याचार्याची आठवण करा. त्याच्या मानीपणाचें व तापटपणाचें अनुकरण करूं नका. परंतु जें उत्तम तें दूर जाऊन शिकावें, शिकलेलें घरीं आणावें, आपल्या धंद्यास व धंद्यांतील गरिबांस मान मिळवून द्यावा, आणि आपणांस येतें तें सारें हातचें न राखतां पुढच्या मुलांच्या स्वाधीन करावें, एवढें त्याच्यापासून अवश्य घ्या. मग तुमचें काम कोणतेंही असो आणि तुमचें गांव कितीही लहान असो, तुमच्या मागें तें चालत राहील.